प्रेमप्रसंगातला वारा

मी एक जुना पंखा आहे. छताला टांगलेला, दुपारी घरातल्यांना झोप आणणारा नव्हे. मी चित्रपटातला पंखा आहे. चार चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसवलेला, चांगला पुरुषभर उंचीचा. आणि मित्रांनो, सध्या मी एका गोदामात नुसता उभा आहे. हे उभं राहणं मला अजिबात जमत नाही. माझी पाती आतल्या आत वळवळतात, चाकं सुटू पाहतात. तेव्हा सांगताना माझं बोलणं इकडचं तिकडे गेलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या घरी कधी आवडत्या चित्रपटांतल्या प्रेमाच्या प्रसंगांचा विषय निघतो का? आमच्या गोदामाचा पहारेकरी आणि त्याची मेहुणी दुपारी डबा खाताना रोज हाच विषय काढतात. “तो जिन्यावरचा प्रसंग आठवतो का हो भावजी? तिच्या हातातलं पत्र उडतं आणि तो वरच्या पायरीवरून झेलतो!” “आणि तो गच्चीवरचा! तिचे केस त्याच्या तोंडावर येतात आणि हा आपला गप्प!” दोघांना नायक आठवतो, नायिका आठवते, गाण्याचं कडवंसुद्धा आठवतं. पण चारी दारं बंद असलेल्या स्टुडिओत ते पत्र उडालं कसं, हे कुणी विचारत नाही. अहो, मी उडवलं! मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा असतो आणि माझा नुसता जळफळाट होतो.

मला एका लेथवाल्याने घडवलं. मोटर विहिरीवरच्या पंपाची, पाती लाकडाची, पुढची जाळी जुन्या पलंगाच्या सळयांची. मोटरपासून पात्यांपर्यंत एक जाड रबरी पट्टा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, डोक्यावरची टोपी उडाली आणि चहा पार लांबच्या खुर्चीवर सांडला. तो खुश होऊन म्हणाला, “चाललंय की!” माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून ती नीट लक्षात आहे.

माझ्या बटणाला तीन खुणा होत्या. झुळूक, वारा आणि वादळ. प्रेम जमायला लागलं की झुळूक, रुसवाफुगवी असली की वारा आणि ताटातूट झाली की वादळ. दिग्दर्शक लोक मात्र भलतंच मागत. एक जण म्हणायचा, “जरा लाजरा वारा द्या.” आता वारा लाजरा कसा करायचा? पण तो करून देणारा माणूस माझ्यामागे उभा असे.

तो माझा पंखेवाला. चाळिशीला टेकलेला, सडसडीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोलीत आला तरी कळायचं नाही, म्हणून सगळे त्याला झुळूकराव म्हणायचे. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा असे. तो माझ्या जाळीपुढे तिरका धरला की नायिकेच्या कपाळावरची एकच बट हलायची, बाकीचे केस जागच्या जागी. दर सोमवारी तो मला तेल द्यायचा आणि जाळी पुसायचा. पुसताना बोलायचा नाही. तो बोलायचा ते फक्त मी सुरू असताना.

हे नीट समजण्यासाठी माझा एक दोष सांगायला हवा. मी फार आवाज करतो. मी सुरू झालो की सेटवरचं कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, ध्वनिमुद्रण तर सोडाच. म्हणून माझ्यासमोरच्या प्रसंगांत नट मंडळी नुसते ओठ हलवत आणि आवाज नंतर वेगळ्या खोलीत भरला जाई. पाठांतर झालेलं नसलं की नट वाटेल ते बोलत. त्या जिन्यावरच्या प्रसंगात पत्र झेलल्यावर नायक डोळ्यांत प्राण आणून काय म्हणाला, ठाऊक आहे? “माझ्या बुटात पाणी गेलंय.” खरंच गेलं होतं.

मग ते निस्तरायचं कुणी? ते काम एका बाईंचं होतं. त्या आवाजाच्या खोलीत बसून मुका चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायच्या, कोण काय बोललं ते ओठांवरून वाचायच्या आणि त्याच ओठांना बसेल असं नवं वाक्य लिहायच्या. त्यांनी वहीत लिहिलं, ‘माझ्या मनात पाऊल टाकलंस.’ ओठ जिथे मिटायला हवेत तिथे बरोबर मिटले आणि सगळं थिएटर रडलं. हातात सदा वही आणि लाल पेन्सिल, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पस्तिशीच्या, दादा-वहिनींबरोबर राहणाऱ्या, आणि चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली.

ती तार झुळूकरावांच्या मनात बसली होती. मला कसं कळलं? मी सुरू झालो की ते माझ्यामागे उभे राहून मोकळ्या गळ्याने बोलायचे. आधी नुसतं एवढंच, “बाई, चष्मा द्या, मी नीट करून देतो.” मग वर्षभराने, “तुम्ही जेवायला एकट्याच का बसता?” आणि मग एके दिवशी, गच्चीवरच्या प्रसंगात, मी झुळुकीवर असताना, “माझ्याशी लग्न कराल का?” माझं एक पातं डगमगलं. नायिकेची बट भलतीकडे गेली आणि दिग्दर्शकाने ओरडून पुन्हा सगळं घ्यायला लावलं. बोलणी मी खाल्ली. बटण बंद झालं की झुळूकराव पुन्हा तोंडाला कुलूप लावून पुठ्ठा शोधायला लागायचे. आणि मास्तरीणबाई तिकडे आवाजाच्या खोलीत, दोन दारांपलीकडे! मित्रांनो, ते ऐकणारा जगात मी एकटा. सांगायला मला तोंड आहे, पण त्यातून निघतो तो नुसता वारा.

असं चार वर्षं चाललं. मग बातमी आली की मास्तरीणबाईंच्या दादांची बदली झाली आहे. शनिवारी सगळं बिऱ्हाड दुसऱ्या गावी निघणार. त्या आठवड्यात झुळूकराव मला तेल द्यायला विसरले. मी सोमवारपासून कुरकुरत होतो, तेलासाठीही आणि त्या शनिवारासाठीही.

त्याच आठवड्यात एक चूक उघडकीला आली. हॉटेलच्या खोलीचा एक प्रसंग आधी घेतला होता. नायिका आरशापुढे बसलेली, नायक मागे उभा, खिडकीचे पडदे माझ्या कृपेने फुगलेले. सेटवर प्रत्येकाने नायिकेकडे पाहिलं, आरशाकडे कुणीही नाही. मास्तरीणबाईंनी मात्र तो तुकडा पाहिला आणि दिग्दर्शकाला चिठ्ठी पाठवली, ‘आरशाच्या कोपऱ्यात पंखेवाले दिसत आहेत. पुन्हा घ्यावा लागेल.’ कॅमेरामनने कपाळाला हात लावला. झुळूकराव कानापर्यंत लाल झाले. ते फक्त दिसत नव्हते, बोलतही होते, आणि काय बोलत होते ते मला पाठ होतं, “मास्तरीणबाई, माझ्याशी लग्न कराल का?” पण त्यांना वाटलं, कोपऱ्यातला एवढासा चेहरा, त्यात ओठ कुणाला दिसणार?

गुरुवारी दुपारी तोच प्रसंग पुन्हा लावला. माझी जाळी खडखडत होती म्हणून झुळूकराव मला सुरू ठेवून तिचे स्क्रू पिळत होते. दोन स्क्रू ओठांत धरलेले. तेवढ्यात मास्तरीणबाई सेटवर आल्या. त्या कधीच सेटवर येत नसत. थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या वाऱ्याने त्यांच्या वहीची पानं फडफडायला लागली आणि त्या झुळूकरावांकडे पाहून म्हणाल्या, “आरशात तुम्ही काय म्हणालात ते मी वाचलं. एकदा नाही, बारा वेळा. माझं उत्तर हो आहे. शनिवारच्या आत दादाशी बोला.”

मी ऐकलं! शब्द न् शब्द ऐकला! पण झुळूकरावांना काय ऐकू येणार? त्यांना माझ्या घरघरीत फक्त हलणारे ओठ दिसले. आणि मास्तरीणबाईंची गंमत अशी की इतकी वर्षं ओठ वाचून वाचून, ते वाचणं सगळ्या जगाला येत नाही, हेच त्या विसरल्या होत्या. झुळूकरावांच्या तोंडात स्क्रू. त्यांनी ‘ऐकू येत नाही’ असं सांगायला जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

मास्तरीणबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी ती मान हलताना पाहिली, चष्मा वर सारला, वही मिटली आणि पाठ फिरवून त्या दाराकडे चालू लागल्या.

माझी काय अवस्था झाली असेल! थांबवा त्यांना, कुणीतरी थांबवा, असं मी जिवाच्या आकांताने घरघरत होतो. आणि मी जितका घरघरत होतो तितकं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. दिव्यांचा झोत पडला, नायिका आरशापुढे बसली, दिग्दर्शकाने हात वर केला. झुळूकरावांनी स्क्रू खिशात टाकले, ते आरशात दिसणार नाहीत अशा जागी सरकले आणि दाराकडे जाणाऱ्या त्या पाठीकडे पाहून, आजवर कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने बोलू लागले.

माझा पट्टा तुटला. मी तोडला की तो जीर्णच झाला होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन गिरक्या घेऊन पाती थांबली, पडदे खाली पडले आणि त्या गच्च शांततेत झुळूकरावांचा आवाज छतापर्यंत गेला.

“—जाऊ नका हो शनिवारी! माझ्याशी लग्न करा!”

चाळीस माणसं वळून बघायला लागली. दिवेवाला शिडीवरच थिजला. मास्तरीणबाई दारात थांबल्या.

“आत्ता मान हलवून नाही म्हणालात ना?” त्या म्हणाल्या.

“मी? अहो, मला काही ऐकूच आलं नाही! तोंडात स्क्रू होते!”

“मग आता ऐका. हो.”

“काय हो?”

“हो म्हणजे हो! आणखी किती वेळा सांगू? आधी दादाला भेटा.”

नायिका डोळे पुसायला लागली आणि तिची रंगभूषा वाहून गेली. दिग्दर्शक ओरडला, “अरे, कॅमेरा चालू होता का?” नव्हता. पट्टा तुटताच कॅमेरामनने तो बंद केला होता. मित्रांनो, मी शेकडो प्रेमप्रसंगांना वारा घातला, पण माझा सर्वांत आवडता प्रसंग कुठल्याच चित्रपटात नाही. त्यात एक पानही हललं नाही.

झुळूकरावांनी दुसऱ्या दिवशी मला नवा पट्टा घातला, राहिलेलं तेल दिलं आणि दादांचा होकार घेऊन रविवारी तेही त्या दुसऱ्या गावी गेले. जाताना माझ्या जाळीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. नंतरच्या पंखेवाल्याने मला सरसकट वादळावर फिरवलं. तेल नाही, पुसणं नाही. एका पात्याला चीर गेली. पुढे सेटवरच खरा आवाज मुद्रित करायची पद्धत आली, न बोलणारे गुळगुळीत पंखे आले आणि मी गोदामात आलो. इथे माझ्या जाळीवर पहारेकऱ्याचे धुतलेले मोजे वाळत असतात.

एका मिनिटासाठी थांबलो तेव्हा मी कुणाच्या तरी सर्वांत जास्त उपयोगी पडलो, हे मला कळतं. तुम्हीही कुणाला मनातलं सांगणार असाल तर भोवतीचा गोंगाट आधी बंद करा, आणि तोंडातले स्क्रू काढा. पण एवढं कळूनही मला थांबून राहणं सोसत नाही. दार उघडलं की बाहेरच्या वाऱ्याने माझं एक पातं बोटभर हलतं आणि दिवसभर मी त्यावर काढतो. तुमच्या घरातही असं एखादं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल. त्याला भंगारात देण्याआधी एकदा हाताने फिरवून बघा. आणि इकडे कधी आलात तर येताना तेलाची बाटली तेवढी आणा.