समितीपुरती प्रयोगशाळा

सिल्वासातल्या त्या दूरशिक्षण केंद्रात रविवारी सकाळपासून लगबग होती. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार, म्हणून केंद्रप्रमुख गजानन सरांनी ओळखीच्या शाळेतून टेम्पोभर काचसामान आणवलं होतं. बुरेटी, म्हणजे मापाच्या काचनळ्या, स्टँडला लागल्या, मुलींना पांढरे एप्रन वाटले गेले. समितीची गाडी गेली की सगळं पुन्हा खोक्यांत. समिती आली की दरवेळी हेच, साऱ्या गावाला ठाऊक आहे. 'डिस्टन्समध्ये असंच चालतं' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. लाज म्हणून कुणाला वाटत नाही.

त्या मुलींत ममताही उभी होती. नंदुरबारकडून सुताच्या कारखान्यात कामाला आलेल्या चिमाबाईची ही लेक, याच केंद्रातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. तिचे प्रयोग कसे झाले, तेही ऐका. सर मागच्या बॅचच्या वह्या द्यायचे आणि पोरी त्यातली निरीक्षणं उतरवून काढायच्या. गुण मात्र सगळ्यांना भरघोस. निकालाच्या दिवशी चिमाबाईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते.

त्या पदवीवर ममता रंगाईच्या कारखान्यात लॅबला लागली. मागच्या महिन्यात तिला आम्ल पातळ करायला सांगितलं, आणि तिने आम्लातच पाणी ओतलं. ते उसळून बाटल्या धुणाऱ्या जयाच्या हातावर आलं. जया त्यांच्याच चाळीतली, शेजारच्या खोलीतली. आम्ल हळूहळू पाण्यात सोडायचं असतं, हे ममताला तोंडपाठ होतं. परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं. हातांना मात्र कुणी कधी शिकवलं नव्हतं.

कारखान्यातल्या लॅबचे प्रमुख श्रीकांत स्वतः दूरशिक्षणातूनच शिकलेले. "आम्हाला सुट्टीत प्रयोगांसाठी सुरतेला बोलवायचे. प्रयोग चुकला की पहिल्यापासून करायला लावायचे," ते म्हणाले. "तुमची प्रात्यक्षिकं झाली असतील तर केंद्राचं तसं पत्र आण. नाहीतर तुला ठेवता येणार नाही."

गजानन सर पत्र द्यायला एका पायावर तयार होते. अट एवढीच, समितीपुढे एप्रन घालून उभं राहायचं आणि इथे सगळं नीट शिकवतात म्हणायचं.

"एवढं बोलाले तुले काय जातं?" चिमाबाई सकाळी चहा गाळताना म्हणाली होती. "नोकरी तरी राहीन ना, बेटा."

"आणि जयाताईचा हात?"

चिमाबाईने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला होता.

समितीतल्या मनीषा मॅडम ममतापाशी थांबल्या. "प्रॅक्टिकल नियमित होतात ना?"

"एकदम रेग्युलर," सर मध्येच म्हणाले.

"मी तिला विचारतेय."

सरांच्या वरच्या खिशात ते पत्र दिसत होतं.

"नाही होत, मॅडम," ती म्हणाली. "हे सामान शाळेचं आहे, संध्याकाळी परत जाईल. समिती आली तेवढ्यापुरते आम्ही एप्रन घातले. या नळ्यांत आम्ही कधी साधं पाणीसुद्धा भरलं नाही. आणि माझ्या हातून एका बाईचा हात जळलाय."

"नोकरी जाईल तुझी," सर दातओठ खात म्हणाले.

"जाऊ दे, सर. पुढच्या वेळी कुणाचे डोळे गेले असते."

तिने एप्रन काढून टेबलावर ठेवला. मागच्या ओळीतल्या एका मुलीनेही आपली बटणं सोडायला घेतली.

सोमवारी ममताची नोकरी गेली. संध्याकाळी ती जयाच्या खोलीत परातीशी बसली. जयाला अजून पीठ मळता येत नाही. "तू कशाला बोललीस गं?" जयाने विचारलं. ममता भाकरी थापत राहिली.

केंद्राच्या दारावर 'प्रवेश सुरू' हा बोर्ड अजून आहे. तिथे कोण शिकवतं, याची चौकशी आपण करत नाही. फक्त निकाल विचारतो आणि पेढे खातो. तुमच्या लेकीचं नाव घालायला जाल तेव्हा प्रयोगशाळेचं कुलूप उघडून दाखवायला सांगा. ते उघडलं नाही, तर तिथूनच तिला घरी घेऊन या.