डाव्या बाजूची गाठ

धाकटीचं वागणं कुणालाही पटण्यासारखं नव्हतं. बापानं डोळे मिटायच्या आधी शेवटचं म्हणून जे खोगीर शिवलं, ते तिनं खुंटीला टांगलं आणि कारखान्यातल्या आयत्या खोगिरावर बसून पेपरात फोटो छापून आणला. वर आईला एका शब्दानं सांगितलं नाही.

पेपर घेऊन आली ती नणंद. "वहिनी, बघा तरी, आपली धाकटी कशी ऐटीत बसलीय! मोठ्या स्पर्धेसाठी निवड झालीय म्हणे तिची."

वहिनींना, म्हणजे खोगीरवाल्या बाईंना, अक्षरं जोडायला वेळ लागे. शाळा दुसरीतच सुटली होती. पण खोगीर त्या फोटोतसुद्धा ओळखत. लेकीचं तोंड त्यांनी नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते तिच्या मांडीखालचं चामडं आणि त्याच्या कडेची शिवण.

"हे आपलं नाही," बाई म्हणाल्या. "कुणाच्या घरचं नेसून मिरवतेय ही?"

"असेल कुणी दिलेलं. भेट म्हणून."

"भेट मिळाली म्हणून कुणी आई बदलतं का?"

नणंदेनं पेपराची घडी केली. या घरात खोगिरावरून वाद घालायचा नसतो, हे ती लग्नाआधीपासून जाणून होती.

धाकटी आता एक्केचाळीस वर्षांची. घोड्यावर बसणं हाच तिचा धंदा, पण शर्यतीचा नव्हे. तिच्या खेळाला ड्रेसाज म्हणतात. घोड्यानं तालात पावलं टाकायची, जागच्या जागी नाचायचं, तिरकं चालायचं, आणि वर बसलेल्यानं काहीच केलं नाही असं दिसायचं. पहिल्यांदा बघून बाई म्हणाल्या होत्या, "एवढ्यासाठी अकरा वर्षं? घोडं तर नुसतं चालतंय." मग दुसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांतून पाणी का आलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ती अकरा वर्षं एकाच घोडीवर गेली. काजळी, नावासारखीच काळीभोर. धाकटीनं तिच्यावर कधी चाबूक उगारला नाही. घोडी नको म्हणाली की त्या दिवशीचं काम बंद, मग समोर परीक्षक असो की पागेचा मालक. या हट्टापायी दोन मोठ्या पागांनी तिला नारळ दिला होता. त्यावर बाई चारचौघांत छाती फुगवून सांगत, "माझी पोर घोडीचं ऐकते, माणसांचं नाही."

आणि त्या काजळीच्या पाठीचं माप घेऊन नवऱ्यानं खोगीर शिवलं होतं. खोगिराच्या पोटातली लोकर वर्षभरात दबते, ती काढून नवी भरावी लागते. तो गेल्यावर हे काम बाईंनी अंगावर घेतलं. सळईनं लोकर सारायची आणि शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. नवरा म्हणे, "डोळ्याला गुळगुळीत दिसतं गं. हाताला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बाई पागेवर थडकल्या. म्हातारा मोतद्दार काजळीला खरारा करत होता. त्यानं वर पाहिलं आणि हातातलं काम तसंच ठेवून उभा राहिला.

"कुठाय महाराणी?"

धाकटी सामानाच्या खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. "आई! अशी न कळवता?"

"कळवायची रीत या घरात राहिलीय कुठं? बापाचं खोगीर टोचायला लागलं का तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? लाज वाटली आईच्या हाताची? परीक्षकांसमोर जुनाट दिसत होतं?"

"चहा घेतेस?"

"चहानं माझं तोंड बंद होत नाही. तुझ्या बापाला ते जमलं नाही."

बाई थेट खोलीत गेल्या. खुंटीवरचं खोगीर उतरवलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि घोडीकडे निघाल्या. "कसं घालायचं ते विसरली असशील. दाखवते."

"बाई, नका," मोतद्दार म्हणाला.

तोवर बाईंनी खोगीर उचललं होतं. ते पाठीला लागायच्या आतच काजळीनं कान मागे पाडले, पाठ खाली दाबली आणि मान वळवून दात दाखवले. अकरा वर्षांत या घोडीनं कुणावर दात विचकले नव्हते. बाईंच्या हातातून खोगीर निसटलं आणि पेंढ्यावर उलटं पडलं.

मग त्यांना ते दिसलं. काळ्याभोर पाठीवर, डाव्या अंगाला, तळहाताएवढा पांढऱ्या केसांचा डाग.

पांढरे केस एका दिवसात येत नाहीत. आतलं कातडं महिनोन्‌महिने दबलं की मगच येतात. हे बाईंना सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्या खाली बसल्या. खोगिराच्या डाव्या गादीवर उजवा हात फिरवला. काही लागलं नाही. मग डावा हात फिरवला. बोटं मध्येच अडखळली. एक गाठ, सुपारीसारखी टणक. तिच्या शेजारी शिवणीचे चार टाके उसवून परत घातलेले, परक्या हाताचे.

"हे टाके कुणाचे?"

धाकटी पायानं पेंढा सारत राहिली.

"तुला विचारतेय मी!"

"मागच्या वर्षी दुसऱ्या कारागिराकडे नेलं होतं, गुपचूप. तो म्हणाला, नुसती गाठ काढून भागणार नाही, सगळी भरणीच वाकडी आहे. पूर्ण रिकामं करायला हवं. आणि आईला सांगा म्हणाला."

"मग?"

"मी तसंच शिवून घेतलं. खाली जाड कापडाची घडी घातली."

"बूट चावतो म्हणून दोन मोजे घातले तर बूट सैल होतो का गं?"

"माहीत होतं मला." धाकटीला रडू फुटलं. "पण भरणी झाली की तू खोगीर पदरानं पुसून माझ्या हातात द्यायचीस ना. बाबा गेल्यावर तू तेवढंच काय ते हसायचीस. कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, एवढा हंगाम निघेल. निघाला नाही. शेवटी घाबरून ते कारखान्याचं मऊ खोगीर आणलं, पण उशीर झाला होता. फोटो त्याच दिवसाचा. परवा डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, जगेल, चरेल, फिरेल. पण या पाठीवर आता कुणी बसायचं नाही."

"आणि ती मोठी स्पर्धा? तुझी निवड झाली होती ना?"

"नाव मागे घेतलं."

दुसरी घोडी तयार करायला आणखी दहा वर्षं. हे दोघींनाही ठाऊक होतं. मोतद्दारानं उगाच बादली इकडची तिकडे ठेवली.

बाईंनी त्याच्याकडे सुरी मागितली. स्वतःचेच टाके कापले आणि लोकर बाहेर ओढली. गाठ निघाली. ती त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरली, आणि ती तिथं आहे हे फक्त डोळ्यांना कळत होतं. दोन वर्षं झाली अंगठ्यापासून तळहात बधिर होऊन. चहाचा कप दोनदा सुटला, तेव्हा त्यांनी कपाला शिव्या घातल्या होत्या. डोळे मिटून हात फिरवला की सगळं गुळगुळीतच लागायचं.

काजळीनं मान खाली घालून त्या लोकरीचा वास घेतला आणि फुरफुरली. बाईंनी डाव्या हातानं तिचं कपाळ चोळलं. बराच वेळ. मग भिंतीला धरून उठल्या आणि लेकीसमोर उभ्या राहिल्या.

"रडणं थांबव आणि ऐक. माझा हात गेला आणि मी ते लपवलं. ते पाप माझं, मी पदरात घेते. पण चुकलीस तू. घोडी नको म्हणाली की थांबायचं, हा नियम तू मालकापुढे पाळलास, परीक्षकांपुढे पाळलास, आणि आईपुढे मोडलास. माझा मान राखायला तिची पाठ वापरलीस. माझ्या तोंडावर सांगायचं होतंस, आई, तुझा हात गेला. मी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, महिनाभर तुझं तोंड बघितलं नसतं. आणि आज काजळी मैदानात असती."