राघू

पिवळा बाण प्रवरेच्या पाण्यावर बसला होता आणि हलत नव्हता — म्हणजे पाणीही हलत नव्हतंच, लॅपटॉपच्या पडद्यावरचा, कोल्हारच्या पुलावरून नंदिनीने काढलेला फोटो तो, पण दोघांपैकी एकाने तरी हलावं असं लंकाला वाटत होतं. तिने टचपॅडवर पुन्हा बोट फिरवलं. मधोमध ह्यांच्या बोटाने गुळगुळीत झालेली जागा होती... तिथून बोट घसरलं. बाण तिथेच.

बाण नव्हे, राघू. पांढरा बाण तिला सापडायचा नाही म्हणून ह्यांनी तो मोठा, पिवळाधमक करून दिला होता. कांद्याचे भाव बघायला शिकवताना म्हणायचे, "आधी राघू कुठं बसलाय ते बघा, लंकाबाई. मग दाबा." राघू हिरवा असतो, ती म्हणाली होती. "आपला पिकलाय."

"फंक्शनचं बटण धरून वरचं दाबलंस का?" पुण्याहून फोनवर नंदिनी, लेक.

"दाबलं गं. उजेड वाढला नुसता."

"बंद करून चालू?"

"केलं. उठतोय नि परत मधोमध येऊन बसतोय."

"अपडेटला हो कशाला म्हणालीस, आई? पप्पा कायम 'नंतर' दाबायचे."

कायम. छातीत जळजळतंय, नगरला दाखवून येऊ — नंतर. कांदा निघू दे, नंतर. म्हणून तर ते गेल्यावर एका सकाळी लॅपटॉपने तोच प्रश्न विचारला तेव्हा तिने दात खाऊन 'आत्ता' दाबलं होतं. या घरात एकदा तरी कुणी वेळेवर हो म्हणावं.

"मग बाहेरचा माऊस आणून जोड. टचपॅड राहू दे बंद. बाण पळेल."

दर्भाचा कावळा... ओठांपर्यंत आलेला शब्द लंकाने गिळला.

ह्याच पाण्याकाठी, ह्यांच्या दहाव्याला. पिंड मांडलेले, कावळे बाभळीवर, आणि एक खाली उतरेल तर शपथ. धाकटे दीर भिमाजी भाऊजी हात जोडून पुढे झाले, "दादा, नंदीचं शिक्षन थांबू देनार न्हाई. शिव बाबा पिंडाला." मग, "म्हस इकनार न्हाई, दादा!" मागून कुणीतरी, "च्या ठिवा की, च्याबिगर हालायचा न्हाई त्यो," आणि घाटावर दबकं हसू, रडता रडता. चहा ठेवला. साय धरली त्याच्यावर. ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, आणि सगळे म्हणाले, झालं.

"नाहीतर मागे जाता येतं," नंदिनी सांगत होती. "जुनं होतं तसं परत येतं, राघू हलेल. पण अपडेटपासून दहा दिवसांतच. मग ते जुनं सगळं पुसून टाकतं. आज कितवा?"

"दहावा."

मग नंदिनी खालच्या आवाजात एकेक बटण सांगत गेली आणि लंका एकेक दाबत गेली. पडद्यावर प्रश्न आला, मागे जायचं का.

"आता फक्त एंटर."

लॅपटॉपपुढे आपले हात जोडले गेलेत हे तिला तेव्हा दिसलं. काय राहिलंय मनात, सांगा... असं त्या पिवळ्या बाणालाच विचारत होती की काय ती! घाटावर सगळे ह्यांच्या मनातलं शोधत होते. मीही हात जोडून उभी होते, ओठ हलत होते, लोकांना वाटलं बाई वचन देतेय. मी म्हणत होते, जाऊ नका. शेवटपर्यंत तेवढंच — जाऊ नका. कावळ्यांनी ऐकलं असेल, तर त्यांचा काय दोष?

तिने बोट एंटरवर ठेवलं. दाबलं की राघू हलेल. उडेल पाण्यावरून.

"आई? दाबलंस?"

"नंतर," लंका म्हणाली.

शब्द ह्यांच्याच सुरात निघाला, जरा ओढलेला, शेवटी विरलेला. तो इतका भिऊन निघतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. पलीकडे नंदिनी 'आई, आजच, आजच गं' म्हणत राहिली, आणि बोट न उचलता, न दाबता, ती आपल्या आत ह्यांच्यावरचा राग शोधत राहिली — पांढऱ्या पडद्यावर पांढरा बाण शोधायची तसा... इथेच तर होता...