रोगाचा आरसा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली. निम्म्या जमावाने नाकाला रुमाल लावला होता. एकाने शिंक दिली की पाठोपाठ रांग शिंकत होती.

स्टेजवर बिंदूगुरू उभे होते. पायघोळ रेशमी झगा, आणि आवाजात अर्धा किलो मध.

"नाक म्हणजे प्राणाचा दरवाजा! आणि त्याचं कुलूप कुठे आहे? इथे!" त्यांनी नाकपुडीच्या कडेला अंगठा टेकवला. "चीनच्या डोंगरात बारा वर्षं वृद्ध गुरूंची सेवा केली, तेव्हा हा एक बिंदू पदरात पडला!"

बारा वर्षांत एकच बिंदू म्हणजे शिकवणी जरा संथच होती, असं मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दातवालीच्या मनात आलं. ती दातांची डॉक्टर. शहर तिला दातवालीच म्हणायचं. पण आज तिला हसू येत नव्हतं. पहिल्या रांगेत तिचा दादा बसला होता. त्याचा उजवा गाल सुजून तकतकीत झाला होता आणि उजव्या डोळ्याची पापणी धड उघडत नव्हती.

दादाची बेकरी होती. वरची दाढ किडली तेव्हा बहिणीने उपचार करून घ्यायला सांगितलं होतं, पण भट्टी सोडून यायला त्याला सवड कुठली! मग त्याच बाजूच्या नाकातून घाण वासाचा शेंबूड यायला लागला, आणि पुढे वासच कळेना. पावांना रंग चढतोय की ते जळतायत, हे ज्याला शेजारच्या खोलीत बसून कळायचं, त्याच्या हातून ट्रेच्या ट्रे कोळसा व्हायला लागले. नाकाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुरुजींनी त्या बंद केल्या. "गोळी पोटात गेली की बिंदू रुसतो," म्हणे! वहिनीने गोळ्या केराच्या डब्यात टाकल्या आणि नवऱ्याचा हात धरून इथे आणायला सुरुवात केली.

आज सकाळी दादाने ट्रेऐवजी ट्रेच्या बाजूच्या हवेला हात घातला आणि मनगट भट्टीवर भाजून घेतलं. "छोटे, दोन-दोन दिसतायत गं," तो म्हणाला. किडक्या दाढेतून गालाच्या पोकळीत उतरलेला पू डोळ्याकडे सरकला की काय होतं ते दातवालीला माहीत होतं. तिने इस्पितळात फोन करून सर्जनना थांबवून ठेवलं.

"आता म्हणजे आत्ता निघायचं."

"एक शेवटचा दाब," दादा हट्टाने म्हणाला. "मग तू म्हणशील तिकडे."

"वन्सं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय हो," वहिनी रडवेली झाली. "आरशात दिसतं सगळं. आरसा कसा खोटं बोलेल?"

म्हणून दातवाली इथे आली होती.

स्टेजवर एका पोस्टमनला उभं केलं. पांढऱ्या कपड्यातल्या शिष्येने दिव्याशेजारच्या मखमली आसनावरून एक आरसा उचलला. हा 'रोगाचा आरसा'. तो पोस्टमनच्या नाकाखाली धरला. त्याने श्वास सोडला. काच लख्ख.

"बघा! श्वासच नाही! हा माणूस जगतोय कसा?"

सभागृह हळहळलं. गुरुजींनी अंगठ्यांना 'हिमतेल' लावलं, नाकाच्या दोन्ही बाजूंना दाबलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग शिष्येने संगमरवरी पेटीतून 'आरोग्याचा आरसा' काढला. पोस्टमनने श्वास सोडला आणि काचेवर पांढरीफेक वाफ धरली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पार डोक्यात गार वारा गेला हो!" पोस्टमन ओरडला.

दातवाली मात्र शिष्येच्या हाताकडे बघत होती. रोगाचा आरसा परत ठेवताना तिने तो चटकन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला होता आणि बोटं आपल्या कपड्यांना पुसली होती. गरम बशी उचलणारं माणूस करतं तसं. आणि दातवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही तर आपलीच रोजची युक्ती!

तेवढ्यात गुरुजींनी हाक दिली, "बेकरीवाले! या वर!"

गर्दीला कोपरं मारत ती पुढे गेली. दादा पायरी चढताना चुकला, कारण त्याला पायऱ्याही दोन दिसत होत्या. तिने एका बाजूने त्याला धरलं, दुसरीकडून वहिनीने. गुरुजींनी तो सुजलेला गाल पाहिला आणि क्षणभर त्यांची जीभ अडखळली. मग अंगठा हिमतेलात बुडाला. तो अंगठा त्या गालावर जोराने बसण्याआधी दातवाली मध्ये आली.

"गुरुजी, एक विनंती," ती मोठ्याने म्हणाली. "माझा भाऊ घाबरलाय. आधी तुम्ही स्वतः त्या रोगाच्या आरशात श्वास सोडून दाखवा."

"माझं नाक तीस वर्षांत एकदाही चोंदलं नाही, बाई!"

"मग वाफ धरेलच की. सगळ्यांना बघू द्या."

"दाखवा, गुरुजी, दाखवा!" लोकांना मजा वाटली.

शिष्येने आरसा उचलला होता. गुरुजींनी तिला डोळ्याने थांबवलं आणि प्रवचन सुरू केलं. संशय हा शरीरातला सगळ्यात मोठा अडसर, संशयाने बिंदू झाकतात, आधी मन स्वच्छ करा... दातवालीला कळलं, हा वेळ काढतोय. तो बोलत होता आणि आरसा निवत होता. आणखी थोडा वेळ गेला की त्यावर कुणाच्याही श्वासाची वाफ धरली असती, आणि दादा आपल्या पायांनी त्या अंगठ्याखाली गेला असता.

तिने आरसा हिसकावला. तो सरळ वहिनीच्या गालाला लावला.

वहिनी दचकली. "अगं बाई! हा गरम आहे!"

"श्वास सोड."

वहिनीने नाकाने भरपूर श्वास सोडला. काच लख्ख.

"वहिनी, तुझं नाक बंद आहे?"

"नाही हो," वहिनी पुटपुटली. ती आरशाकडे बघतच राहिली.

"पेशंटच्या तोंडात आरसा घालण्याआधी मी रोज तो गरम पाण्यात धरते," दातवाली लोकांकडे वळली. "नाहीतर त्याच्या श्वासाने काच धुरकटते आणि मला दात दिसत नाही. काच गरम असली की वाफ बसत नाही. थंड असली की बसते. यात नाकाचा काही संबंध नाही! आणि ते तेल? पुदिन्याच्या गोळीतला गारवा. नाकाला गार लागतं म्हणून वारा आल्यासारखं वाटतं. आतली वाट होती तेवढीच राहते."

तिने मखमल ओढली. खाली पाठ शेकायची विजेची गादी होती. संगमरवरी पेटीत बर्फ. पोस्टमनने त्यात हात घालून बघितला आणि हळूच आपलं नाक शिंकरलं. ते अजून चोंदलेलंच होतं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. गुरुजींचंही उघडलं. "मी... मी कुणालाही औषध बंद करायला सांगितलेलं नाही!"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "याच जागेवर. ह्या हातांनी गोळ्या फेकल्या मी."

"मलाही सांगितलं!" मागून कुणीतरी ओरडलं. "आणि माझ्या आईला!"

पुढे काय गोंधळ झाला ते बघायला ती तिघं थांबली नाहीत. "चल, छोटे," दादा म्हणाला आणि बहिणीचा खांदा धरून निघाला.

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. गालाच्या पोकळीतून पू निघाला, किडकी दाढही निघाली. उद्यावर टाकलं असतं तर डोळा गेला असता, असं सर्जन म्हणाले. वहिनी इस्पितळाच्या बाकावर बसून हुंदके देत राहिली. दातवालीने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. फसलेल्या माणसाला आणखी काय टोचायचं? टोचायचं ते फसवणाऱ्याला. त्याच्यावर तिने पोलिसांत तक्रार दिली आणि पोस्टमन साक्षीला उभा राहिला.

अजूनही कुणी तिला विचारतं, "पण डॉक्टर, दाबल्यावर बरं वाटतं त्याचं काय?" ती म्हणते, वाटत असेल तर खुशाल दाबा, कपाळ तुमचं, अंगठाही तुमचा. पण अंगठ्याने पू निघत नाही. आणि जो औषध सोडायला सांगतो, त्याच्यापुढे नाक घेऊन जाऊ नका.

काही आठवड्यांनी ती बेकरीत गेली तेव्हा वहिनी हिशेबाच्या टेबलाशी होती आणि दादा शेजारच्या खोलीत पीठ मळत होता. मळता मळता तो थांबला. त्याने मान वर केली, नाक फुलवलं.

"अगं, भट्टी बघ! पाव जळतायत!"

वहिनी धावली, ट्रे ओढला, आणि काळ्या पडलेल्या पावांकडे बघून तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं. त्या दिवशी जळका पाव तिघांनीही चवीने खाल्ला.

त्या गडबडीत दातवालीच्या हातातच राहिलेला रोगाचा आरसा आता तिच्या दवाखान्यात भिंतीवर आहे. खाली वहिनीने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'काय दिसतं ते नंतर बघा. आधी हात लावून बघा.'