आज आवाज फारच छान आहे

भर दुपारी कानसेन चष्मा विसरला म्हणून दुकानातून घरी परतला, तेव्हा टीव्हीवर एक बाई तावातावाने भांडत होती आणि घरात चिडीचूप शांतता होती. त्याची बायको खुर्चीत बसून एकटीच हसत होती. तिच्या कानांवर काळा हेडफोन होता. दारात सावली हलली तशी ती दचकली आणि हेडफोन उतरवून तिने घाईघाईने उशीखाली सारला.

"लेकीने पाठवलाय," ती म्हणाली. "सहज लावून बघत होते."

सहज लावून बघणारं माणूस लपवत नाही. कानसेनच्या मनात पाल चुकचुकली.

कानसेन हे त्याला गल्लीने दिलेलं नाव. तीस वर्षं तो स्पीकर दुरुस्त करत होता. स्पीकरचा आतला कागद फाटलाय की कॉइल जळली, हे तो खोका न उघडता, नुसतं ऐकून सांगायचा. घरात टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले कमरेइतके उंच लाकडी स्पीकर त्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतः बनवले होते. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं त्यांच्यावर सिनेमा ऐकत आली होती. ऐकतच म्हणायचं, कारण बघणं त्याच्या लेखी दुय्यम होतं. हेडफोनचं त्याला वावडं. आवाजाला खोली लागते, तो भिंतींना शिवून अंगावर यावा लागतो. हेडफोन म्हणजे ताट घेऊन कोपऱ्यात एकट्याने जेवायला बसणं, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि आता त्याच्याच घरात कोपरा धरला गेला होता.

स्वभाव मुळातच संशयी. कुणी नेहमीपेक्षा गोड बोललं तरी त्याला झोप लागत नसे. त्याने आधी स्पीकरवरच संशय घेतला. कागद तपासले, तारांचे जोड नवे केले. स्पीकर ठणठणीत होते. म्हणजे खोट माणसात होती.

मग एकेक गोष्टी त्याच्या लक्षात येऊ लागल्या. तो स्वयंपाकघराच्या दारातून काही विचारी आणि ती उत्तरच देत नसे. खांद्याला हात लावला की मात्र गोड हसे. पूर्वी सिनेमा संपल्यावर ती तासभर त्यावर बोलायची. आता 'बरा होता' म्हणून उठून जाई. एकदा ती आतल्या खोलीत लेकीशी फोनवर बोलत होती. फोनचा आवाज इतका मोठा होता की त्याला कानोसा घ्यायचीही गरज पडली नाही.

"बाबांना सांगितलंस का?" लेक विचारत होती.

"नाही. आणि तूही तोंड उघडू नकोस," बायको म्हणाली.

त्या दिवशी तो जेवला नाही. मायलेकींनी मिळून काहीतरी शिजवलंय, एवढं नक्की झालं. काय, ते मात्र त्याला सुचेना. त्याचे स्पीकर भंगारात काढायचे? की त्यालाच लेकीकडे नेऊन ठेवायचा?

पुढच्या रविवारी त्याने सापळा लावला. ती आंघोळीला गेली असताना दोन्ही खोक्यांची मागची फळी उघडून त्याने वरच्या छोट्या स्पीकरच्या तारा काढून टाकल्या. बारीक, टोकदार आवाज सगळा त्यांच्यातून येतो. तो गेला की माणसं तोंडावर रजई घेऊन बोलल्यासारखी वाटतात. सिनेमा सुरू झाला. त्याला स्वतःला ते ऐकवत नव्हतं. तरी त्याने अर्धा तास दम धरला आणि मग तिच्याकडे वळून विचारलं, कसा वाटतोय आवाज?

"आज फारच छान आहे," ती म्हणाली. "काही नवीन केलंत का?"

तीस वर्षं ही बाई आपल्याला असंच फसवत आली असणार. आपण जीव ओतून आवाज लावायचा आणि हिने वेड्याची समजूत काढावी तसं छान म्हणायचं. त्याने मुकाट्याने तारा परत जोडल्या आणि दोन दिवस तो तिच्याशी मोजकंच बोलला.

बुधवारी त्याने दुकान मुद्दाम अर्ध्यातच बंद केलं. चपला हातात घेऊन घरात शिरला. ती पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन, समोर कुठलासा कौटुंबिक सिनेमा. तो मागून गेला आणि त्याने हेडफोन अलगद काढून स्वतःच्या कानांना लावला.

दुसऱ्या क्षणी त्याने तो ओरबाडून काढला. आवाज नव्हता, हातोडा होता. डोक्याच्या मधोमध कुणीतरी किंचाळत होतं. इतक्या आवाजात तो दुकानातही कधी स्पीकर लावत नसे.

ती खुर्चीत वळली होती. तिने काहीच लपवलं नाही.

"एवढ्या आवाजात?" तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. "एवढ्यातच बोलणं समजतं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, कारखान्यातल्या बाटल्यांनी खाल्ले कान."

बाटल्या भरायच्या कारखान्यात ती बावीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली होती. संध्याकाळी घरी आली की अजून बाटल्याच वाजतायत म्हणायची, आणि तो हसण्यावारी न्यायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या स्पीकरमध्ये मला आता फक्त दारं आपटलेली ऐकू येतात. माणसं बोलतात ते येत नाही. तुम्ही एवढ्या हौसेने लावता. रविवारी मी तुमच्या तोंडाकडे बघून हसायचे."

कानसेन भिंतीला टेकून खाली बसला. नुसत्या आवाजावरून जळलेली कॉइल ओळखणारा तो. घरातल्या घरात त्याला हे ऐकू आलं नव्हतं.

"रविवारी मी तारा काढल्या होत्या," तो म्हणाला. मग तिला कळलं नाही असं पाहून त्याने तेच हळूहळू, तोंड तिच्यासमोर धरून पुन्हा सांगितलं.

तिने क्षणभर विचार केला. "आणि मी फारच छान म्हणाले?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तिला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. त्याने आत जाऊन पाणी आणलं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः प्यायला.

मग त्याने हेडफोन उचलून तिच्या कानांवर नीट बसवला, पट्टी केसांत अडकली होती ती सोडवली, आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. हेडफोन जोडलेला असल्यामुळे टीव्हीतून अवाक्षर येत नव्हतं. पडद्यावर एक म्हातारा आपल्या सुनेला काहीतरी सांगत होता आणि सून रडत होती. त्याने बायकोच्या हाताला स्पर्श केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"तो म्हणतोय," ती बोलू लागली, "घर विकायचं नाही. ती म्हणतेय, मग मी जाते."

तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. ती जवळजवळ ओरडत होती. खाली गल्लीतून जाणारी दोन माणसं थबकली आणि वर बघू लागली. कानसेन खिडकी लावायला उठला. कडीवर हात ठेवून तो थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग खिडकी तशीच उघडी ठेवून परत येऊन बसला.

"आता तो गप्प बसलाय," ती मोठ्याने म्हणाली. "काहीच बोलत नाहीये."