रिकामी गोणी

निंबाने सायकलच्या कॅरिअरवर करकचून बांधलेली गोधडी तिसऱ्यांदा सोडली आणि अंगणातल्या बाजेवर टाकली.

"जड हाये," तो म्हणाला.

"त्याले हीच लागे," उंबऱ्यात उभी असलेली त्याची बायको बेबाबाई म्हणाली. "भेटला तर थंडीत त्याच्या अंगावर काय टाकाल?"

गोधडी त्यांच्या पोराची, पंडितची होती. बारावीचा निकाल लागला त्या रात्री निंबाने हीच गोधडी पोराच्या अंगाखालून ओढून अंगणात भिरकावली होती. माझ्या घरात फुकट्याला अंथरूण नाही, असंही वर म्हणाला होता. राग उतू गेला तसा खालीही बसला, पण तोवर पंडित निघून गेला होता. त्याला आता सहा महिने होत आले होते. बायको त्यावरून एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं निंबाला वाटायचं.

शोध सायकलवरच घ्यायचा हे त्याने ठरवून टाकलं होतं. एस.टी. फाट्यावर सोडते, आणि पोरगा फाट्यावर बसलेला असता तर शोधायचा कशाला! मळे, खळी, वीटभट्ट्या, कापसाच्या जिनिंगची आवारं, पोट भरायला पोरगा जिथे टेकला असेल तिथे जायला पायवाटा होत्या. अडचण एकच होती, ती पाठीची. तीस वर्षं केळीचे घड वाहून तिचा पार भुगा झाला होता. मागच्या खेपेला अडावदच्या देवळात तो नुसत्या फरशीवर निजला आणि सकाळी उठताच येईना. केळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये सायकलशेजारी आडवा होऊन तो घरी आला. रावेरच्या डॉक्टरांनी बजावलं, गार जमिनीला पाठ लावलीत तर पुढच्या वेळी कायमचेच आडवे व्हाल.

म्हणजे अंगाखाली काहीतरी हवंच होतं, आणि ते सायकलला जड व्हायला नको होतं. पंधरा दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही. प्लॅस्टिकची चटई हलकी होती, पण तिची गुंडाळी हँडलपेक्षा लांब. वाऱ्यात सायकल भलतीकडेच जायची. ताडपत्रीतून गारवा वर यायचा. बाजारातला फोम मऊ होता, पण बांधल्यावर कॅरिअरवर बकरी बसवल्यासारखा दिसायचा. सतरंजी असली काय नि नसली काय, पाठीला सारखंच. एकदा तर तो बाजारात उभ्या उभ्या रडकुंडीला आला. पोरगा हरवलाय आणि आपण चटया दाबून बघतोय, याची त्याला लाज वाटली.

मग एका सकाळी ट्रक भरताना त्याला सापडलं. घडांना मार लागू नये म्हणून ट्रकच्या तळाशी केळीच्या वाळक्या पानांचा थर देतात. जन्मभर त्याने घडांसाठी अंथरूण केलं होतं! युरियाची एक रिकामी गोणी घ्यायची, मुक्काम पडेल तिथे वाळकी पानं भरायची, तोंड बांधायचं आणि निजायचं. सकाळी पानं ओतून दिली की गोणीची घडी शर्टाच्या खिशात मावते. यापेक्षा हलकं अंथरूण जगात कुणापाशी असेल, असं वाटून तो कितीतरी दिवसांनी हसला.

गोधडी घरीच राहिली. बेबाबाईने ती घडी घालून कोनाड्यात ठेवली.

यावल, किनगाव, चोपडा. तीन रात्री गोणीने चोख काम केलं. पाठ कुरकुरत होती, पण साथ देत होती. पंडितच्या परीक्षेच्या ओळखपत्राचा फोटो दाखवून दाखवून कोपऱ्यात मऊ पडला. कुणी मान हलवायचं, कुणी चहा पाजायचं. "नाही पाहिला, नाना," हे तो इतक्यांदा ऐकत होता की आता विचारायचीच भीती वाटू लागली होती.

चौथ्या दिवशी त्याने तापी ओलांडली. शिंदखेड्याच्या बाजूला ऊन कलताना एका खळ्यापाशी तो उतरला तेव्हा पाठ धरू लागली होती. चोहीकडे कपाशी, तिच्यापुढे ज्वारीच्या धसकटांचा माळ. खळ्यात एक बाई कडब्याच्या पेंढ्या रचत होती. मंजुळाबाई तिचं नाव. निंबाने खिशातून गोणी काढून झटकली.

"अक्का, केळीची वाळली पानं भेटतील का इथं? अंगाखाली टाकाले पाहिजे."

बाई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग खो खो हसली.

"केयना पानं? आठे कोठली केय, भाऊ! आठे प्यावाले पानी नही."

निंबाने आजूबाजूला पाहिलं. रावेरच्या माणसाला केळी नसलेला मुलूख असतो हे ठाऊक असतं, पण पटत नाही. रिकामी गोणी हातात धरून तो तसाच उभा राहिला. आता उद्या उठताही येणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

"तुम्हना गावना बठ्ठा लोके पानटावरच निजतस का?" बाई डोळे पुसत म्हणाली. "दिवाईमा एक पोऱ्या उना व्हता, कपाशी येचाले. त्यानीबी हाईच मांगं. अशीच गोनी दखाडी."

निंबाने घाईने खिशात हात घातला तसा फोटोच खाली पडला. बाईनेच उचलला.

"हाऊच शे," ती म्हणाली. "गुनी पोऱ्या. बिचाराले बाप नही. मरी गया, सांगे." मग तिने निंबाकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्यान्हा कोन?"

निंबाने तिच्या हातातला फोटो घेऊन खिशात ठेवला.

"गावचा," तो म्हणाला. "त्याच्या गावचा हाये मी."

"तो येवाव शे. आठ दिनमा दुसरी येचनी शे, तव्हय येसू, सांगी ग्या." म्हणजे आठ दिवसांनी, दुसऱ्या वेचणीला पोरगा परत येणार होता. तिने खळ्यातल्या झोपडीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ती दखा, त्यान्ही गोनी. तिन्हामा कडबाना पाला भरी दिन्हा मी. आज तुम्ही तिन्हावरच निजा."

गोणी भिंतीला लागून पडली होती. तोंडाला सुतळीचे दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. पानांचे भारे असे बांधायला निंबाने पोराला शिकवलं, तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता.

"ती राहू द्या," तो म्हणाला. "त्याची हाये."

मग त्याने विचारलं,

"वेचणीले माणूस लागतं का, अक्का?"

बाईने त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं.

"लागस. पन तुम्हले जमी का?"

"आठ दिवस जमेल."

अंधार पडायच्या आत त्याने कडब्याचा पाला ओंजळीओंजळीने आपल्या गोणीत भरला आणि ती दाराजवळ, दुसऱ्या भिंतीला टाकली. मग आत जाऊन पंडितच्या गोणीवरची धूळ हाताने झटकली, आणि ती होती तिथेच, होती तशीच ठेवली.