रविवारची गोळी

माझ्या नवऱ्याला सोरायसिस होता. कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडे लाल चट्टे आणि वर पांढरे पापुद्रे. सकाळी गादी झटकली की कोंडा उडायचा. सुभेदार हणमंतराव जयपूरच्या छावणीत भल्याभल्या जवानांना धाकात ठेवायचे, पण चारचौघांत शर्ट काढायला लाजायचे.

मिलिटरी हॉस्पिटलच्या कॅप्टन प्रतिमा मॅडमनी आठवड्यातून एकदाच, दर रविवारी घ्यायची गोळी दिली. गुण सावकाश येईल म्हणाल्या, रम बंद, मधूनमधून रक्त तपासायचं. आता फौजेत रविवारची गोळी म्हणजे मलेरियाची. मैदानात रांग लावून देतात आणि निम्मे जवान ती जिभेखाली धरून आडोशाला थुंकतात. आमच्या शहाण्याला वाटलं, हीपण तसलीच. दर रविवारी गुपचूप मोरीत थुंकायचे आणि वर मलाच सुनवायचे, "बघ, तुझ्या मॅडमच्या औषधानं काय झालं? कप्पाळ!"

मग कुणीतरी शहरातल्या मुरलीपुऱ्यातला एक वैद्य सुचवला. रोज एक पुडी, दुधातून. पंधरवड्यात कातडी लख्ख झाली. मी वेडीनं देवापुढे नारळ फोडला.

पुडीनं चेहरा सुजला, झोप उडाली आणि डोकं फिरलं. आधी ताट भिरकावलं. मग पट्टा निघाला, पितळी बक्कलचा. आमची वासंती तेव्हा दुसरीत होती. ती हसत म्हणाली, "पापा, तुमचं तोंड मतलब एकदम फुगा झालंय!" त्यांनी तिची वेणी धरून डोकं भिंतीवर आपटलं. मी सोडवायला गेले तर माझं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या हातानं सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या.

आठवडाही गेला नाही तोच त्यांचं अंग पेटलं. डोक्यापासून पायापर्यंत लालबुंद, त्यावर पुवाचे फोड, अंगात सणसणून ताप. पुड्या कुठं गेल्या विचारत तशातही पट्टा घेऊन अंगावर आले. हात उगारला तशी काखेतली कातडी फाटली आणि ते माझ्या पायाशी कोसळले. वाटलं, पडू दे मेल्याला, सुटू एकदाच्या. मग शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं.

"पुडीत स्टेरॉइड असणार," मॅडम म्हणाल्या. "कातडी झटपट उजळते, पण एकदम बंद केलं की असं उलटतं. कधीकधी डोकंही फिरवतं ते."

"आणि तुमची गोळी?"

"ती पोटात गेलीच नाही, गिरिजाताई. थुंकत होतो, असं आत्ताच कबूल केलंय त्यांनी. आता तुम्ही समोर उभं राहून द्या."

पण मी धरून ठेवलं ते एकच वाक्य. डोकंही फिरवतं. त्यांनीही तेच धरलं. खाटेवरून हात जोडून म्हणाले, "गिरिजा, त्यो मी न्हवतो गं. पुडी हुती ती." मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

घरी आल्यावर दर रविवारी मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची. "तोंड उघडा. जीभ वर करा." सुभेदार मुकाट्यानं आ करायचे. रम सुटली. चट्टे हळूहळू फिके पडले, कोपरं तेवढी खरखरीत राहिली. वासंती पुन्हा त्यांच्या शेजारी जेवायला बसू लागली, आणि मला वाटलं, माझं माणूस मला परत मिळालं.

एका रविवारी त्यांनी गोळी गिळली, आणि लगेच वासंतीच्या हातून त्यांच्या इस्त्रीच्या वर्दीवर चहा सांडला. पट्टा सप्पकन निघाला. बक्कल पोरीच्या कानावर बसलं. फ्रॉकवर रक्त ओघळलं.

मग पट्टा टाकून ते माझ्याकडे वळले. "गिरिजा, अगं, त्ये औषध..."

"तोंड उघड," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अरेतुरे केलं. "उघड म्हणते ना! जीभ वर कर."

त्यांनी केली. जिभेखाली काही नव्हतं. मॅडमची गोळी पोटात होती, घरात ना पुडी होती ना रम.

मी पोरीला उचललं आणि भर सकाळी छावणीच्या रस्त्यानं कमांडिंग ऑफिसरच्या बंगल्याकडे निघाले. तिच्या कानाचं रक्त मी मुद्दाम पुसलं नाही.